शून्य मृत्यू आणि एक राजीनामा : नागरी विमान वाहतूक मंत्री, जानेवारी १९९३

९ जानेवारी १९९३. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ८४० क्रमांकाचं विमान दिल्लीत उतरताना धावपट्टी सोडून कडेला टेकलं, मोडलं, उलटं झालं आणि पेटलं. आत १६५ माणसं होती. सगळीच्या सगळी जिवंत बाहेर आली. त्यानंतर खात्याचे मंत्री माधवराव शिंदे यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधान नरसिंह रावांनी तो स्वीकारला.

याच मंत्र्यांच्या हाताखालच्या खात्यांत त्याआधी दोन मोठे अपघात झाले होते. एकात १०५ माणसं गेली, दुसऱ्यात ६९. दोन्ही वेळा ते पदावर राहिले आणि एकही माणूस दगावला नाही त्या वेळी मात्र उतरले. वरवर पाहता हा हिशेब उलटा वाटतो. माझ्या मते तो उलटा नव्हता, आणि तो का नव्हता हे शोधण्यासाठीच हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. मंत्री सार्वजनिक जीवनातले असल्याने त्यांचं नाव घेतलं आहे. वैमानिक, अधिकारी, प्रवासी आणि वैमानिकांच्या संघटनेचे पदाधिकारी यांचा उल्लेख त्यांच्या भूमिकेपुरताच ठेवला आहे.

पार्श्वभूमी : माणूस

हिंदी वर्तमानपत्रांतले सिंधिया म्हणजे आपले शिंदे. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचं. राणोजी आणि महादजींच्या पराक्रमाने ते ग्वाल्हेरला रुजलं. माधवरावांचा जन्म १० मार्च १९४५ चा, मुंबईतला. १९७१ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते गुना मतदारसंघातून लोकसभेवर गेले, तेव्हा आई विजयाराजे यांच्याबरोबर जनसंघात होते. १९८० पासून काँग्रेसमध्ये. १९८४ मध्ये ग्वाल्हेरला त्यांनी अटलबिहारी वाजपेयींचा पराभव केला, आणि तेव्हापासून दिल्लीत त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जाऊ लागलं.

ऑक्टोबर १९८६ मध्ये त्यांच्याकडे रेल्वे आली, राज्यमंत्री म्हणून. तिथलं त्यांचं काम प्रवाशाला हातात तिकीट घेतल्यावर जाणवायचं. संगणकावरचं आरक्षण पसरलं आणि रांगा आखूड होऊ लागल्या. १९८८ मध्ये नवी दिल्ली ते झाशी पहिली शताब्दी एक्स्प्रेस धावली. सकाळी निघा, काम उरका, रात्री घरी या, ही सोय तोवर रेल्वेने मोजक्याच मार्गांवर दिली होती. काम नेटकं करणारा आणि परिणाम दाखवणारा मंत्री अशी त्यांची ख्याती झाली, ती या तीन वर्षांत.

त्याच १९८८ मध्ये, ८ जुलैला, केरळात पेरुमण इथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे पुलावरून अष्टमुडी सरोवरात कोसळले. १०५ जण गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी वादळी वाऱ्यावर बोट ठेवलं. तिथल्या लोकांना ते कारण तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. राज्यमंत्री पदावर राहिले.

पार्श्वभूमी : खातं

जून १९९१ मध्ये राव सरकारात त्यांना नागरी विमान वाहतूक आणि पर्यटन मिळालं. त्या वेळी देशातल्या देशात विमानाने जायचं म्हणजे इंडियन एअरलाइन्सने जायचं. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने नियोजित सेवा दोन सरकारी महामंडळांच्या हाती ठेवली होती. परदेशासाठी एअर इंडिया, देशासाठी इंडियन एअरलाइन्स. विमानं कमी आणि मागणी जास्त, ही तिथली जुनी तक्रार. त्यात १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला एअरबस ए-३२० पडलं, ९२ जण गेले, आणि नवी कोरी ए-३२० विमानं सरकारने कित्येक महिने जमिनीवर उभी ठेवली.

शिंदे आले त्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९९१ रोजी, कोलकात्याहून इम्फाळला निघालेलं बोइंग ७३७ उतरण्याच्या तयारीत असताना डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व ६९ जण गेले. मंत्र्यांना खातं मिळून दोन महिनेही झाले नव्हते.

दुसरीकडे बाजार उघडत होता. कायदा बदललेला नव्हता, म्हणून खाजगी कंपन्यांना ‘एअर टॅक्सी’ म्हणून परवाने मिळाले. १९९२ मध्ये मुंबईच्या ईस्ट-वेस्ट एअरलाइन्सने उड्डाणं सुरू केली आणि आणखी काही कंपन्या तयारीला लागल्या. एअर टॅक्सीचा हा कायदेशीर आडमार्ग महत्त्वाचा आहे, कारण वैमानिकांच्या बाजूने बघितलं तर त्याचा अर्थ साधा होता : आपल्याला आता दुसरं गिऱ्हाईक आहे. ज्या वैमानिकाला कालपर्यंत एकच मालक होता, तो वाटाघाटीच्या टेबलाशी वेगळ्या ताठपणे बसतो. खात्याने एका हाताने बाजार खुला केला. त्याने स्वतःच्याच महामंडळातली ताकदीची वाटणी बदलणार आहे, याची तयारी दुसऱ्या हाताने केलेली मला दिसत नाही. पुढच्या सगळ्याचं बीज मी इथे धरतो.

अडचण

डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. वैमानिकांचा संप बँकेच्या किंवा एसटीच्या संपासारखा नसतो. एसटी बंद पडली तर वडाप असतं, ट्रक असतो, रेल्वे असते. ए-३२० चालवायला त्याच विमानाचं प्रशिक्षण आणि परवाना असलेला माणूस लागतो, तो आठवड्याभरात घडवता येत नाही. मक्तेदारीच्या देशात काहीशे माणसांनी हात बाजूला घेतले की सबंध देशाची विमानसेवा थांबते.

महिना कोणता होता हेही लक्षात घ्यायला हवं. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली होती, मुंबई पेटली होती, सरकार स्वतः हेलकावे खात होतं. अशा वेळी आणखी एका संघटनेपुढे झुकलेलं दिसणं कोणत्याही मंत्र्याला जड गेलं असतं. आणि उत्तर भारतात धुक्याचा मोसम सुरू झाला होता.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग तडजोडीचा. संघटनेशी बोलायचं, काही द्यायचं, काही सोडायचं. अडचण अशी की वैमानिकांना दिलेला प्रत्येक रुपया उद्या अभियंते आणि इतर कर्मचारी मागणार. इंडियन एअरलाइन्समध्ये एकापेक्षा जास्त संघटना होत्या, आणि एकीला मिळालं की दुसरी उभी राहते हा तिथला रिवाज होता.

दुसरा मार्ग दम धरण्याचा. व्यवस्थापनातल्या परवानाधारक वैमानिकांना घेऊन मोजकी उड्डाणं चालवायची, बाकी रद्द करायची, आणि संप थकेपर्यंत थांबायचं. यात प्रवाशांचा संताप मंत्र्याच्या दारात येतो. माणसं मात्र धोक्यात जात नाहीत. कागदावर हा सगळ्यात नामुष्कीचा मार्ग दिसतो आणि बहुतेक म्हणूनच तो कुणाला आवडत नाही.

तिसरा, खाजगी कंपन्यांना जास्त मार्ग देण्याचा. त्यांच्याकडे तेव्हा विमानंच मूठभर होती.

चौथा, बाहेरून विमानं आणि माणसं दोन्ही भाड्याने आणण्याचा. सोव्हिएत संघ वर्षभरापूर्वी फुटला होता. एरोफ्लोट या तिथल्या सरकारी विमान कंपनीचे तुकडे होऊन प्रत्येक नव्या देशाची आपली विमान कंपनी झाली होती, उझबेकिस्तान एअरवेज जानेवारी १९९२ मध्येच जन्माला आली होती. त्यांच्याकडे विमानं होती, वैमानिक होते, आणि डॉलरची निकड होती.

पहिला निर्णय : भाड्याची विमानं

खात्याने चौथा मार्ग घेतला. उझबेकिस्तान एअरवेजकडून टुपोलेव्ह टीयू-१५४ जातीची विमानं त्यांच्या वैमानिकांसकट आली आणि इंडियन एअरलाइन्सच्या क्रमांकांवर उडू लागली. ८४० क्रमांकाचं विमान त्यांतलंच. या व्यवसायात याला ‘वेट लीज’ म्हणतात. विमान त्यांचं, चालवणारे त्यांचे, देखभाल त्यांची; तिकीट, वेळापत्रक आणि पाटी आपली.

संप मोडण्याच्या दृष्टीने डाव सरळ होता. संघटनेची सगळी ताकद ‘आमच्याशिवाय विमान उडत नाही’ या एका वाक्यात होती, आणि विमान उडून दाखवलं की ते वाक्य खोटं पडत होतं. मंत्र्यांच्या खंबीरपणाचं तेव्हा कौतुक करणारे लोक होते आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. विमानतळावर मुलाबाळांसह अडकलेल्या माणसाला ताश्कंदचा वैमानिक असला काय आणि ताडदेवचा असला काय, घरी पोचायचं असतं.

पण वेट लीजमध्ये एक गाठ असते. तिकीट ज्याच्याकडून घेतलं तो मालक एक आणि विमानाच्या सुरक्षिततेला कायद्याने जबाबदार देश दुसरा. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाची योग्यता आणि चालकदलाचे परवाने ही नोंदणी करणाऱ्या देशाची जबाबदारी असते. म्हणजे हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या भारतीय प्रवाशांचं विमान कायद्याने उझबेकिस्तानच्या देखरेखीखाली होतं, आणि ते प्रजासत्ताक स्वतः दीड वर्षाचंही नव्हतं. अशी जबाबदारी विमान चालवणाऱ्या देशाकडे रीतसर सोपवण्याची तरतूद, करारातलं ‘८३ बिस’ हे कलम, १९९७ मध्ये अमलात आलं. १९९३ मध्ये ती पळवाट बुजवायला आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार नव्हता, जे काही करायचं ते भारताला स्वतःच्या अटी घालून करावं लागलं असतं.

त्यात सोव्हिएत पद्धतीत तयार झालेले वैमानिक उंची मीटरमध्ये आणि वेग किलोमीटरमध्ये मोजत आलेले. आपल्याकडचा नियंत्रण कक्ष फूट आणि नॉटमध्ये इंग्रजीत बोलणारा. आणि विमानतळ दिल्लीचा, जानेवारीचा. दाट धुक्यात विमान उतरवून देणारी आजची यंत्रणा तिथे तेव्हा नव्हती. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर चालून जाण्यासारखी आहे, पण त्या एकाच विमानात, एकाच सकाळी जमू शकतात. परवानगीच्या फाइलवर सही करणाऱ्याला हे सांगणारा कुणीतरी टेबलाशी असायला हवा होता.

९ जानेवारी

दिल्लीत त्या दिवशी नीट दिसत नव्हतं. विमान धावपट्टीच्या उजव्या कडेबाहेर उतरलं. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे. उलट्या झालेल्या, पेटत्या विमानातून १६५ माणसं जिवंत बाहेर पडणं ही विमान वाहतुकीच्या इतिहासात क्वचित घडणारी गोष्ट आहे. क्षणभर त्या आतल्या माणसांचं काय झालं असेल याचा विचार करावा : पट्ट्याला उलटं लटकलेलं, वर-खाली कळत नाही, धूर. त्यांची नशिबाची रेघ बळकट म्हणून हा अपघात आज जवळपास कुणाला आठवत नाही.

दुसरा निर्णय : राजीनामा

मंत्र्यांपुढे इथेही मार्ग होते. चौकशी बसवून अहवालाची वाट पाहता आली असती, आणि तसं केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती, कारण कुणी मेलं नव्हतं. परदेशी चालकदलावर किंवा संपावर गेलेल्यांवर खापर फोडता आलं असतं, आणि त्या दिवसांत ते लोकांना पटलंही असतं. शिंद्यांनी तसं न करता राजीनामा लिहिला.

आपल्याकडे अशा वेळी लालबहादूर शास्त्रींचं उदाहरण हमखास निघतं. १९५६ मध्ये मेहबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर त्यांनी दिलेला राजीनामा नेहरूंनी परत केला, आणि नोव्हेंबरमध्ये अरियालूरला पुन्हा गाडी पुलावरून कोसळली तेव्हा मात्र तो स्वीकारला. शास्त्रींचा राजीनामा मृतांसाठी होता. खात्याचा प्रमुख म्हणून खात्याच्या प्रत्येक चुकीचा भार आपल्यावर, मग पूल कुणी तपासला नाही याच्याशी आपला थेट संबंध असो वा नसो.

शिंद्यांचा राजीनामा मला वेगळ्या जातीचा वाटतो. पेरुमणचा पूल त्यांनी बांधला नव्हता. इम्फाळच्या डोंगरावर गेलेलं विमान नेहमीच्या सेवेतलं, नेहमीच्या वैमानिकांचं होतं. टुपोलेव्ह मात्र दिल्लीच्या आकाशात होतं ते धोरणामुळे, आणि ते धोरण त्यांच्या खात्याचं, त्यांच्या आग्रहाचं होतं. अपघात आणि मंत्र्याची सही यांत मध्ये कुणी नव्हतं. म्हणून मृतांचा आकडा शून्य असला तरी जबाबदारी शून्य होत नव्हती. वाचलेल्या १६५ जणांच्या जिवाशी एक खेळी खेळली गेली होती आणि ती नशिबाने निभावली होती. ज्याने खेळी खेळली त्याने उठावं, हे तर्काला धरून आहे. शास्त्रींच्या कसोटीपेक्षा ही कसोटी अरुंद असली तरी माझ्या मते जास्त टिकाऊ आहे, कारण तिच्यात मंत्र्याला ‘या अपघाताशी माझा काय संबंध’ असं विचारायची सोय उरत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पेरुमणच्या १०५ कुटुंबांना आणि इम्फाळच्या ६९ कुटुंबांना ही बारीक फोड कशी समजावायची? त्यांच्या दृष्टीने मंत्री त्यांच्या माणसांसाठी उतरले नाहीत, एका न पडलेल्या बळीसाठी उतरले. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. अपघाताच्या कारणाची चौकशी जलद आणि उघडपणे झाली असती तर निदान त्यांना आपल्या माणसाचं काय झालं हे कळलं असतं. राजीनाम्याने त्यांना तेही मिळालं नसतं, एवढंच म्हणता येतं.

काय झालं पुढे

जानेवारीतच मंत्रिमंडळात फेरबदल झाले आणि नागरी विमान वाहतूक गुलाम नबी आझादांकडे गेली. १९९३ मध्येच दमानिया, जेट, मोदीलुफ्त अशा कंपन्या उडू लागल्या. त्यांना अनुभवी वैमानिक हवे होते आणि ते तयार मिळण्याची जागा एकच होती. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला, एअर टॅक्सीचा आडमार्ग हमरस्ता बनला. संप मोडायचा की नाही या भांडणात जे सरकारला वाचवायचं होतं, ते महामंडळाचं स्थान, असंही टिकलं नाही.

राजीनाम्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिल १९९३ रोजी, औरंगाबादच्या चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ जण गेले. मराठवाड्यात त्या दुपारची आठवण अजून निघते. त्या वेळी मंत्री बदलले नाहीत. जानेवारीत घडलेल्या गोष्टीने पायंडा पडला नव्हता, हे तीन महिन्यांत दिसलं.

शिंदे १९९५ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्री म्हणून परतले. जानेवारी १९९६ मध्ये हवाला प्रकरणात नाव आल्यावर पुन्हा बाहेर पडले, वेगळा पक्ष काढून ग्वाल्हेरहून जिंकले, पुढे आरोपांतून मुक्त झाले आणि काँग्रेसमध्ये परतले. ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला जाताना उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ त्यांचं छोटं विमान कोसळलं. आठही जण गेले. वीस वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, नागरी विमान वाहतुकीचं तेच खातं त्यांच्या मुलाकडे, ज्योतिरादित्य यांच्याकडे आलं. त्यांच्या काळात, जानेवारी २०२२ मध्ये, एअर इंडिया टाटा समूहाला सुपूर्द झाली. इंडियन एअरलाइन्स तोवर तिच्यातच विलीन झालेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली निर्णयाची जागा संपाआधीची आहे. एअर टॅक्सीला परवाने देताना वैमानिकांचं वेतन, नोकरी सोडण्याच्या अटी आणि प्रशिक्षणाचा खर्च यांचा करार आधी व्हायला हवा होता. बाजार खुला झाल्यावर तीच बोलणी दुप्पट महाग पडतात.

दुसरी जागा भाडेकराराची. विमानं आणायचीच होती तर ती कुठे आणि कधी उडवायची यावर बंधन घालता आलं असतं. मुंबई-मद्रास, मुंबई-गोवा अशा स्वच्छ हवेच्या मार्गांवर, दिवसा. उत्तरेकडचं धुकं आपल्या अनुभवी व्यवस्थापकीय वैमानिकांकडे, किंवा सरळ रद्द. पाहुण्या चालकदलासाठी दृश्यमानतेची मर्यादा नेहमीपेक्षा कडक ठेवायची आणि विमानाच्या चालक कक्षात भारतीय निरीक्षक वैमानिक बसवायचा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, करारात चार ओळी वाढवाव्या लागतात. प्रवासी कमी नेले गेले असते आणि संप मोडण्याचा धाक थोडा बोथट झाला असता. ती किंमत परवडण्यासारखी होती. परदेशी चालकदलाची भाषा आणि सवयी हा विषय किती गंभीर आहे हे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात कळलं. तिथे कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आलं आणि सौदी विमानावर आदळलं. ३४९ जण गेले.

तिसरी जागा राजीनाम्याच्या पत्राची आहे. पत्राबरोबर मंत्र्यांनी भाडेकराराच्या निर्णयाची टिपणी संसदेपुढे ठेवायला हवी होती : कुणी सुचवलं, सुरक्षेच्या बाजूने कुणी हरकत घेतली का, कोणती तपासणी झाली, कोणती घाईत राहून गेली. मंत्री उठून गेले की खुर्चीकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि टेबलावरचे कागद आवरले जातात. जी फाइल त्या दिवशी उघडी पडायला हवी होती, ती तशी पडली असती तर तीन महिन्यांनी औरंगाबादच्या धावपट्टीच्या टोकाला जाणाऱ्या रस्त्यावर विमानाच्या वेळी फाटक कोण लावतं, हा प्रश्नही कदाचित कुणीतरी आधी विचारला असता.